टण् वाजलं, हातचा एक!

बालमित्रांनो,

गेल्या खेपेला आपण सायकलचा डायनॅमो उघडून पाहिला. आज एक खेळ उघडायचा आहे. पण त्याआधी एक बेरीज करा. पाटी-पेन्सिल नको, तोंडी. ४७ आणि ३८.

सात नि आठ पंधरा. पंधराचे पाच, हातचा एक. चार नि तीन सात, आणि हातचा एक, आठ. पंच्याऐंशी! बरोबर?

आता खरं सांगा, हा हातचा तुम्ही आजवर किती वेळा विसरलात? माझ्या वर्गात रोज कुणीतरी विसरतं आणि ४७ अधिक ३८ बरोबर ७५ लिहून मोकळं होतं. आमच्या शेजारचा चौथीतला एक मुलगा तर यात पक्का तरबेज. त्याच्याच घरच्या एका यंत्राची ही गोष्ट आहे.

आमचं वारणानगर बालवाद्यवृंदामुळे तुम्हाला ठाऊक असेल. पण या मे महिन्यात आमच्या पडवीत वेगळाच वाद्यवृंद जमला होता. हा चौथीतला मुलगा आणि त्याची सातवीतली ताई, दोघं एक धुळीनं माखलेली फळी उचलून घेऊन आली. "बाई, हे आजोबांनी केलेलं हाय. माळ्यावर सापडलं. चालू करून द्या की!"

मी फळी पुसली. ते बगाटेल होतं. बगाटेल तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तिरकी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की छर्रा वर जातो आणि खिळ्यांवर आपटत आपटत खाली येतो. शाळेच्या आनंदमेळ्यात हमखास असायचं. पण हे बगाटेल साधं नव्हतं. फळीच्या खालच्या बाजूला वायरींचं जाळं होतं, तांब्याच्या तारेच्या दोन कॉइल होत्या, सायकलच्या घंटीची वाटी होती, आणि वरच्या टोकाला दोन खिडक्या होत्या. खिडक्यांतून आकडे दिसत होते : ३ आणि ७. कुणी केव्हा खेळलं असेल तो शेवटचा डाव? सदतीस गुणांवर तो तसाच थांबलेला.

आजोबा साखर कारखान्यात वायरमन होते. पन्नासएक वर्षांपूर्वी गणपतीच्या मंडळासाठी त्यांनी हा खेळ घरीच बनवला. आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. ते काठी टेकत आमच्या पडवीत आले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "व्हय, हेच ते. बगा जमतंय का."

हा खेळ आला कुठून?

बगाटेल मूळचं फ्रान्सचं. अठराव्या शतकात तिथले लोक ते टेबलावर, लांब काठीनं चेंडू ढकलून खेळत. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसानं काठीच्या जागी स्प्रिंगचा दांडा बसवला आणि त्याचं पेटंट घेतलं. आपल्या बगाटेलचा दांडा तो हाच. १९३१ साली शिकागोत नाणं टाकून खेळायची बगाटेलं निघाली आणि दुकानादुकानांत जाऊन बसली. त्यांनाच पुढे पिनबॉल म्हणू लागले. १९३३ साली 'कॉन्टॅक्ट' नावाच्या खेळात विजेचा लोहचुंबक आला. खड्ड्यात पडलेला चेंडू तो बाहेर उडवायचा आणि घंटी वाजायची. १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' या खेळात, बटण दाबलं की चेंडूला टोला देणारे छोटे हात आले. त्यांना फ्लिपर म्हणतात. १९५० च्या दशकात गुण दाखवणारी फिरती चाकं आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चिप आली आणि चाकांची सद्दी संपली.

म्हणजे मधली चाळीसएक वर्षं ही यंत्रं कॉम्प्युटरशिवाय गुण मोजत होती. कशी? तेच आमच्या फळीखाली होतं.

चूक पहिली : बाईंची

सुरुवात माझ्याच चुकीनं झाली. वायरींवरचं रबर कडक होऊन तुकडे पडत होते. म्हटलं, सगळ्या नव्या घालू. हातात कात्री होती, उत्साह होता. अकरा वायरी कचाकच कापल्या आणि मग लक्षात आलं, कुठली वायर कुठून कुठे जात होती ते कुणी लिहूनच ठेवलं नाही!

कात्रीचा आवाज आजोबांनी ऐकला होता. "बाई, आधी कागदावर काढलं का?"

"नाही, आजोबा."

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरं शाळंत तुमच्याकडं शिकत्यात. आधी कागद, मग कात्री. आसं शिकवा त्यास्नी."

दोन्ही मुलं माझ्याकडे टकमक बघत होती. वर्गात ओरडा खाणाऱ्या मुलाला काय वाटतं, ते त्या दिवशी मला पुन्हा कळलं.

मग आजोबा मांडी घालून बसले. त्यांनी फळी पालथी मांडीवर घेतली आणि कापलेली टोकं एकेक करून बोटांनी चाचपायला लागले. "ही जाड हाय, ही सेलाकडं जाणार. हिला गाठ मारल्याली, ही घंटीची." ते सांगत होते, ताई वहीत आकृती काढत होती. दुपारभर बसून अकरापैकी नऊ वायरींचा पत्ता लागला. उरलेल्या दोन आकृती पाहून आम्हीच ओळखल्या. ती वही ताईनं जपून ठेवली आहे.

पूर्वी हा खेळ घरातल्या विजेवर, मध्ये ट्रान्स्फॉर्मर लावून चालायचा. तो आम्ही काढून टाकला आणि दीड व्होल्टचे चार मोठे सेल एकापुढे एक जोडले. सहा व्होल्ट. मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा : घरच्या बोर्डातल्या विजेशी असले खेळ करायचे नाहीत. सेलवरच करायचे आणि मोठं माणूस जवळ असतानाच करायचे.

यंत्र कसं मोजतं?

फळीवर सहा खांब आहेत. खांब म्हणजे एक खिळा आणि त्याच्याभोवती सैलसर स्प्रिंग. दोघांमध्ये जराशी फट. छर्रा आदळला की स्प्रिंग वाकून खिळ्याला टेकते, वीज वाहते, आणि लगेच स्प्रिंग सरळ होऊन वीज थांबते. क्षणभराचंच काम.

तेवढ्या क्षणात वीज कॉइलमधून जाते. कॉइल म्हणजे पोकळ नळीवर गुंडाळलेली तार. वीज आली की ती लोहचुंबक होते आणि लोखंडी गज आत खेचते. गज जाता जाता घंटीच्या वाटीवर आपटतो : टण्! वीज थांबली की स्प्रिंग गजाला मागे ओढते, आणि मागे येताना गजाची खिट्टी दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलते. चाकाला दात दहा आणि त्याच्या कडेवर आकडे दहा, ० ते ९. म्हणजे एक टोला, एक दात, एक गुण. सात टोले म्हणजे सात गुण. यंत्र बोटं मोडतं म्हणा ना!

पण नवाच्या पुढे काय? चाक गरकन शून्यावर येतं. मग त्या दहांचं काय झालं? इथेच आपला हातचा येतो.

एककाच्या चाकाला एक पितळी खुंटी आहे. चाक ९ वरून ० वर जाताना, फक्त तेव्हाच, ही खुंटी एका पितळी पट्टीला घासून जाते. पट्टी क्षणभर दुसऱ्या पट्टीला टेकते आणि दुसऱ्या कॉइलला वीज मिळते. ही दशकाची कॉइल. तिचा गज लाकडावर आपटतो, टक्, आणि दशकाचं चाक एक घर पुढे जातं. दहाव्या टोल्याला असे दोन आवाज येतात : टण्-टक्!

यंत्राला हातचा द्यायला लावणं ही मोठी जुनी डोकेदुखी आहे बरं का. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा मुलगा होता. त्याचे वडील सरकारी करवसुलीच्या कामावर होते, रात्रंदिवस बेरजा करायचे. त्यांचं काम हलकं व्हावं म्हणून १६४२ साली पास्कलनं बेरजा करणारं यंत्र बनवायला घेतलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्यानंही आकड्यांची चाकं केली, आणि एका चाकाची फेरी पुरी झाली की शेजारचं चाक एक घर पुढे सरकेल अशी युक्ती केली. जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा मीटर किंवा घरातला जुना विजेचा मीटर पाहा. तिथेही हेच चाललेलं असतं.

चूक दुसरी : यंत्राची

वायरी जोडल्या. खांबांवरचा गंज काढला. पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्या घासायला मी पॉलिश पेपर आणला, तर आजोबांनी हात धरला. "पितळ खाऊन टाकील त्यो." त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा मागितला, दोन पट्ट्यांच्या मधे धरला आणि ओढून काढला. कागदावर काळी रेघ उमटली. दहा वेळा ओढल्यावर रेघ यायची थांबली. पट्टी स्वच्छ!

सेल लावले. छर्रा सोडला. टण्! आकडा ३७ चा ३८ झाला. पोरांनी पडवी डोक्यावर घेतली. टण्, ३९. आता चाळीस येणार म्हणून सगळे श्वास रोखून बघतायत. टण्. खिडकीत आकडा आला : ३०.

एक क्षण सगळे गप्प. आणि मग आमचा चौथीतला पठ्ठ्या नाचायलाच लागला, "बाई, यंत्र हातचा विसरलं! यंत्र हातचा विसरलं!" आयुष्यात पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी हातचा विसरलं होतं, आणि ते त्याला सगळ्यांत आधी दिसलं होतं.

आजोबांना खिडकी दिसत नव्हती. पण ते म्हणाले, "टण् आलं, टक् आलं न्हाई. हातच्याची पट्टी वाकली आसंल." ताईनं बॅटरी मारून पाहिलं. खरंच पट्टी मागे वाकली होती, खुंटी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. डोळे असून आम्हाला जे दिसलं नाही ते त्यांना कानानं कळलं.

ताईनं पट्टी चिमट्यानं पुढे वाकवली. आता टण्-टक्! पन्नास आले, वाह वा झाली. तसंच शून्यावर ठेवून आम्ही आत चहाला गेलो. अर्ध्या तासानं बाहेर आलो तर जळका वास. आजोबा ओरडले, "सेल काढा आधी!" पट्टी वाकवताना जरा जास्तच पुढे आली होती. चाक शून्यावर थांबलं तरी खुंटी पट्टीला टेकलेलीच राहिली, आणि अर्धा तास दशकाच्या कॉइलमधून वीज वाहत राहिली. कॉइलवरचा कागद काळा पडला होता, तारेवरचा लेप वितळला होता. आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी गुंडाळलेली कॉइल गेली.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा एवढंच म्हणाले, "कॉइल पुन्ना गुंडाळता येतीय. आधी सोडा, पण मोजून सोडा."

मग जळलेली तार उलगडायचं काम सुरू झालं. धाकटा वेढे मोजणार आणि दर पाचाला वहीत आडवी रेघ मारणार. वेढे भरले ६१२. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाऊन शिवाजी उद्यमनगरातून त्याच जाडीची नवी तार आणली. यंत्रं उघडून पुन्हा उभी करणाऱ्यांच्या कोल्हापुरात अशी तार मिळायला वेळ लागत नाही. याच शहरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी सिनेमाची यंत्रं समजून घ्यायचा ध्यास घेतला होता. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना जोडीला घेऊन १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला, आणि त्याच्यावर 'सैरंध्री' हा बोलपट नव्हे, मूकपट काढला. तो १९२० साली लोकांसमोर आला.

नवे ६१२ वेढे धाकट्यानंच गुंडाळले. तीन वेळा मोजणी चुकली, तीन वेळा उलगडून पुन्हा सुरुवात केली. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा मुलगा!

पट्टी यावेळी ताईनं बेतानं वाकवली. माप आजोबांनी दिलं : "चाक शून्यावर आलं की मधे पोस्टकार्ड सरकाय पायजे." सरकलं.

नवा आकडा बसवायचा का?

सुट्टीत त्यांचा पुण्याचा मामेभाऊ आला होता. कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप? बाजारात लाल आकड्यांचा काउंटर मिळतो. बसवला की झालं. कधी चुकणार नाही." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो काउंटरही हातचा देतोच, आणि आपल्या चाकांच्या कितीतरी पट वेगानं देतो.

आजोबा काही बोलले नाहीत. खेळ आता नातवंडांचा होता. शेवटी धाकटाच म्हणाला, "नको. त्यात हातचा दिसत न्हाई."

मला वाटतं, पालकांनो, एवढ्याचसाठी जुनी यंत्रं घरात एकदा तरी उघडावीत. नवी यंत्रं वाईट म्हणून नव्हे. आमच्या वारणेच्या खेड्यांतच १९९८ साली कॉम्प्युटरनं गावं जोडायचा प्रकल्प सुरू झाला होता, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. पण चिपच्या आत काय चालतं ते मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही. या फळीखाली मात्र बेरीज दिसते, ऐकू येते आणि चुकली तर का चुकली तेही सापडतं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर गणित घातलं : २६ अधिक १७. आमचा गडी उठला. सहा नि सात मिळवताना तो बोटानं बाकावर वाजवत होता. टण्, टण्, टण्... चौथ्या टोल्याला टण्-टक्! मग आणखी तीन. खाली ३ लिहिले, दशकाच्या डोक्यावर छोटासा १ लिहिला. ४३. वर्गातली पोरं त्या टक्-टकाटला हसली. मी हसले नाही.

आता तुम्ही करा

पूर्ण खेळ बनवायला वेळ लागेल. पण एक खांब आजच करता येईल. फळीवर एक खिळा ठोका. जुन्या पेनातली स्प्रिंग त्याच्याभोवती उभी करा, पण खिळ्याला टेकू देऊ नका. स्प्रिंगचं खालचं टोक वेगळ्या टाचणीनं फळीला पक्कं करा. टाचणीपासून एक वायर सेलला, सेलच्या दुसऱ्या टोकापासून टॉर्चच्या छोट्या दिव्याला, आणि दिव्यापासून खिळ्याला. गोटी मारा. दिवा लुकलुकला की तुमचा खांब तयार. नाही लुकलुकला तर आधी वहीत आकृती काढा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कुठे होती ते कधीच कळत नाही.

आणि घरात, शेजारी कुणी वायरमन, फिटर, घड्याळजी आजोबा असतील तर त्यांना हाक मारा. त्यांना दिसत नसेल, हात थरथरत असतील, तरी चालेल. तुमचे डोळे, तुमचे हात आणि त्यांचे कान, एवढं पुरतं.

जाता जाता एक कोडं. परवा खेळता खेळता धाकट्यानं ९९ गुण गाठले. पुढचा टोला बसला. टण्-टक्! दोन्ही खिडक्यांत शून्य. तो धावत आजोबांकडे गेला. "आजोबा, शंभराचा हातचा कुठं गेला?"

आजोबा म्हणाले, "तिसरं चाक करायचं तवा ऱ्हाऊन गेलं. तू कर."

ताईनं वही उघडली आहे. तिसरं चाक कसं जोडायचं? त्याला वीज कुठल्या चाकाकडून मिळेल, आणि नेमकी केव्हा? आकृती काढा आणि पाठवा. कात्री नंतर!

तुमच्या,
बाई